बिशपांच्या वर दिल्लीत कोण?

मालवण तालुक्यातल्या एका किनारी गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या मंडळीच्या, फादरांची चार वर्षांत बदली झाली. लोकांचा त्यांच्यावर जीव होता. मच्छीमारांच्या मुलांसाठी त्यांनी संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवला होता. गावाने सह्या गोळा केल्या आणि दिल्लीला सीबीसीआयच्या, म्हणजे भारतीय कॅथलिक बिशप परिषदेच्या अध्यक्षांना पत्र धाडले: ‘आमच्या बिशपांना सांगून ही बदली थांबवा.’ सहा महिने झाले, उत्तर नाही. आता विचारणा अशी, की भारतातल्या कॅथलिक चर्चचा प्रमुख नेमका कोण, आणि बिशपांच्या वर दाद मागायची तर कुणाकडे?

मी अडतीस वर्षे धर्मगुरू आहे. त्यातली बरीचशी किनाऱ्यावरच्या पॅरिशमध्ये गेली आणि नऊ वर्षे धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या हद्दीच्या, कार्यालयात. नेमणुकीची, बदलीची पत्रे मी टाइप केली आहेत, आणि माझ्या हातात पडलेली बदलीची पत्रे डोळे पुसत वाचलीही आहेत. म्हणून तुमच्या दुखण्याबद्दल मला परकेपणाने बोलता येणार नाही. तुमच्या पत्राला उत्तर यायला हवे होते, निदान दोन ओळींचे. पण उत्तर आले असते तरी त्यात हेच असते: ‘हा विषय तुमच्या बिशपांचा आहे, आम्हाला त्यात अधिकार नाही.’ आणि ते खरे असते.

भारतातल्या कॅथलिक चर्चला राष्ट्रीय प्रमुख नाही. सीबीसीआयचे अध्यक्ष हे बैठकीचे अध्यक्ष आहेत. ठरावीक मुदतीसाठी त्यांना बिशपच निवडून देतात. मुदत संपली की ते आपल्या धर्मप्रांतात पूर्वीसारखेच काम करत राहतात, आणि मुदत चालू असतानाही दुसऱ्या धर्मप्रांतातल्या एका फादरला या गावातून त्या गावात हलवण्याची सत्ता त्यांच्याकडे नसते.

हे पटायला जड जाते, कारण आपल्या डोक्यात सरकारी उतरंड पक्की बसलेली असते. तलाठ्याच्या वर तहसीलदार, त्याच्या वर प्रांत, मग कलेक्टर, मग मंत्रालय. तसेच फादरांच्या वर बिशप, बिशपांच्या वर आर्चबिशप, त्यांच्या वर कार्डिनल, आणि मग दिल्ली. अर्ज खाली अडला की वर न्यायचा. पण आपल्या गावाकडे आणखी एक रचना आहे जी चर्चच्या या व्यवस्थेला जास्त जवळची आहे, ती म्हणजे भावकी. भावकीतला प्रत्येक घरवाला आपल्या घराचा मालक. सामाईक गोष्टींसाठी सगळे एकत्र बसतात, बोलतात, ठरवतात. वडीलधाऱ्याला पहिला मान मिळतो. पण तो उठून दुसऱ्याच्या घरात जाऊन चूल कुठे मांडायची ते सांगत नाही. बिशप परिषद ही बिशपांची भावकी आहे.

आता कुणी म्हणेल, मग प्रत्येक बिशप हा स्वतंत्र संस्थानिकच झाला. तसेही नाही. बिशपांना नेमतात पोप. बिशप उत्तर देतात तेही थेट पोपांना. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेप्रमाणे दर पाच वर्षांनी बिशपांनी आपल्या धर्मप्रांताचा अहवाल रोमला सादर करायचा असतो, आणि त्या निमित्ताने स्वतः जाऊन भेटायचे असते. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली की राजीनामा द्यायचा असतो, तोही पोपांकडे. म्हणजे तुमच्या बिशपांच्या सावंतवाडीहून निघालेली अधिकाराची वाट सरळ रोमला जाते, दिल्ली हे त्या वाटेवरचे ठाणे नाही.

सावंतवाडीचे नाव घेतले म्हणून आपल्या किनाऱ्याचाच नकाशा पाहा. वसईपासून रेडीपर्यंत समुद्र एकच, पण धर्मप्रांत तीन. उत्तरेला वसई, १९९८ मध्ये मुंबईतून वेगळा झालेला. मधला रायगड, म्हणजे अलिबाग, रेवदंडा, कोर्लई हा पट्टा मुंबई आर्चडायोसीसचा, म्हणजे मुंबईच्या आर्चबिशपांच्या धर्मप्रांताचा. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग हे सिंधुदुर्ग धर्मप्रांतात, जो ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून निर्माण झाला. पहिले बिशप आल्विन बारेटो. त्या स्थापनेच्या दिवसांत मी पुष्कळांना विचारताना ऐकले, ‘आता पुण्याचे बिशप आमच्या बिशपांचे साहेब का?’ नाही. ज्या दिवशी नवा धर्मप्रांत झाला त्या दिवशी पुण्याचा संबंध संपला. वेगळी चूल मांडलेल्या भावासारखे.

मग आर्चबिशपांचे काय? २००६ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत गोवा-दमणच्या आर्चबिशपांच्या प्रांतात, म्हणजे शेजारच्या धर्मप्रांतांच्या गटात, जोडला गेला. वसई आणि पुणे मात्र मुंबईच्या प्रांतात आहेत. प्रांताच्या आर्चबिशपांना आम्ही मेट्रोपॉलिटन म्हणतो. त्यांचे काम लक्ष ठेवण्याचे आहे. शेजारच्या धर्मप्रांतात श्रद्धेला किंवा शिस्तीला धक्का लागत असेल तर पोपांना कळवायचे, हे मुख्यतः त्यांच्या हाती. त्या धर्मप्रांताचा कारभार चालवण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेला नाही. गोव्याच्या आर्चबिशपांना तर १८८६ पासून ‘पूर्वेकडील देशांचे पॅट्रिआर्क’ असा भारदस्त किताब आहे. किताब मोठा, मान मोठा, पण त्या किताबाच्या जोरावर ते मालवणच्या फादरांची बदली करू शकत नाहीत. कार्डिनलांचेही असेच. कार्डिनल हे पोपांचे सल्लागार, आणि ऐंशी वर्षांखालचे कार्डिनल नवा पोप निवडतात. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप ओस्वाल्ड ग्रेशियस कार्डिनल होते, २०१८ ते २०२२ या काळात सीबीसीआयचे अध्यक्षही होते. दोन्ही पदे एका माणसाकडे असतानाही त्यांची कारभाराची हद्द मुंबई आर्चडायोसीस एवढीच होती.

ही रचना अशी का, याचे मूळ आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात फार स्पष्ट दिसते, म्हणून थोडा वेळ तिथे थांबतो. पोर्तुगीजांच्या काळात इथले बिशप निवडून पाठवण्याचा हक्क पोर्तुगालच्या राजाकडे होता. त्या व्यवस्थेला पाद्रोआदो म्हणत. पुढे रोमने मिशनकार्यासाठी स्वतःचे खाते उभारले, प्रोपगंडा नावाचे, आणि त्यांनी आपले बिशप धाडले. मुंबई-साष्टीच्या भागात दोन सत्तांचे चर्च शेजारी शेजारी उभे राहिले. काही कुटुंबे एका चर्चला जायची, काही दुसऱ्या, आणि भांडणे कोर्टापर्यंत जायची. १९२८ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार होऊन मुंबईचा दुहेरी कारभार संपला. पण त्या करारातही अट अशी की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा! भारतीय माणसाला त्यात जागाच नव्हती. १९३७ मध्ये नेमलेले इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी ही कोंडी ओळखली. व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप करून १९४६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली, कारभार ग्रेशियस यांच्याकडे राहिला, आणि १९५० मध्ये रॉबर्ट्स यांनी रीतसर राजीनामा दिला. त्याच वर्षी पोर्तुगालने तो हक्क सोडला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले. रॉबर्ट्स यांच्या या कृतीबद्दल मला आजही मनापासून आदर वाटतो. खुर्ची सोडून वाट करून देणारी माणसे कोणत्याही संस्थेत थोडी असतात.

सांगायचे ते हे, की बिशप नेमण्याच्या कामात देशाचा राजा, देशाचे सरकार किंवा देशपातळीवरचे कुठलेही मंडळ आडवे येऊ नये, ही चर्चची खबरदारी अनुभवातून आलेली आहे. आज बिशप कसे निवडले जातात? प्रांतातले बिशप दर तीन वर्षांनी निदान एकदा, बिशपपदाला योग्य अशा धर्मगुरूंची यादी गुप्तपणे तयार करतात. जागा रिकामी झाली की दिल्लीतले पोपांचे राजदूत, ज्यांना आम्ही नुन्सिओ म्हणतो, ते चौकशी सुरू करतात. आर्चबिशप, प्रांतातले बिशप, परिषदेचे अध्यक्ष, धर्मप्रांतातले काही ज्येष्ठ धर्मगुरू यांना विचारतात. योग्य वाटल्यास शहाण्यासुरत्या प्रापंचिकांनाही, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या भाविकांनाही, विचारतात. शेवटी तीन नावे रोमला जातात आणि पोप निवड करतात. उमेदवार किमान पस्तीस वर्षांचा हवा आणि धर्मगुरू होऊन त्याला किमान पाच वर्षे झालेली हवीत. या चौकशीचे पत्र मला एकदा आले होते. पाकिटावर गोपनीय असे लिहिलेले, आत प्रश्नांची लांबलचक यादी: माणूस प्रार्थनाशील आहे का, पैशाच्या व्यवहारात चोख आहे का, गरिबांशी कसा वागतो, राग किती लवकर येतो. तीन रात्री बसून मी ते भरले. माझे मत इतके गांभीर्याने कुणी क्वचितच विचारले असेल.

आता खुद्द परिषदेकडे येऊ. सीबीसीआय १९४४ मध्ये मद्रासला स्थापन झाली. तिचे कार्यालय नवी दिल्लीत गोल डाकखान्याजवळ आहे. भारतातले कॅथलिक तीन परंपरांचे आहेत: आपण लॅटिन, आणि केरळातून पसरलेले सिरो-मलबार व सिरो-मलंकारा. या तिन्हींचे बिशप सीबीसीआयमध्ये एकत्र येतात. १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रत्येक परंपरेला स्वतःचे वेगळे मंडळ असावे असे ठरवले. त्यामुळे आपल्या लॅटिन बिशपांचे मंडळ सीसीबीआय, ज्याचे सचिवालय बेंगळुरूत आहे. नावात अक्षरे तीच, फक्त क्रम वेगळा असल्याने लोकांचा फार गोंधळ होतो. शिक्षण, आरोग्य, सरकारशी बोलणी, अत्याचाराविरुद्ध निवेदन हे सगळ्या परंपरांचे सामाईक विषय सीबीसीआयकडे. मिस्साग्रंथ (मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना), इतर उपासना, धर्मशिक्षण हे आपले विषय सीसीबीआयकडे. सिरो-मलबार आणि सिरो-मलंकारा यांचे मात्र निराळे आहे. त्यांना मेजर आर्चबिशप आहेत, स्वतःचे सिनॉड, म्हणजे बिशपांची सभा, आहे, आणि ते सिनॉड आपला प्रमुख निवडते. चिपळूण-रत्नागिरीला राहणाऱ्या एखाद्या केरळी परिचारिकेने ‘आमच्या चर्चचे प्रमुख’ असे म्हटले तर ती बरोबर बोलते आहे. १९८८ पासून कल्याणला सिरो-मलबारांचा धर्मप्रांतही आहे.

आणि तुमचा शेजारी प्रोटेस्टंट परंपरेतल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा असेल तर त्याचीही रचना निराळी. १९७० मध्ये नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन ते बनले. तिथे सिनॉड असते, त्यात प्रापंचिक प्रतिनिधीही मत देतात, आणि सिनॉड मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, निवडते. त्यांच्याकडे ऐकलेले आपल्याकडे लावू नका, एवढ्यासाठी हे सांगितले.

परिषदेला कायदा करता येतोच नाही असे नाही. चर्चच्या कायद्याने जे विषय तिच्यावर सोपवले आहेत, किंवा रोमने खास सांगितले आहे, त्यात तिला बंधनकारक नियम करता येतो. त्याला मताधिकार असलेल्या सभासदांपैकी दोन तृतीयांश मते लागतात आणि वर रोमची मान्यता. बाकी सगळ्या विषयांत प्रत्येक बिशपांचा अधिकार जसाच्या तसा राहतो. म्हणून २०१० चे स्त्री-पुरुष समानतेचे धोरण असो की २०१६ चे दलितांच्या सक्षमीकरणाचे, ती दोन्ही कागदपत्रे सीबीसीआयने काढली, मन लावून तयार केली, पण तुमच्या पॅरिशमध्ये त्यांचा उपयोग तुमच्या बिशपांनी आणि फादरांनी ती उघडली तरच. मला याचे दुःख आहे, आणि ते मी लपवत नाही. दिल्लीचा छापील कागद गावच्या सॅक्रिस्टीच्या, म्हणजे चर्चमधल्या पूजासाहित्याच्या खोलीच्या, कपाटात मेणबत्त्यांखाली गेलेला मी पाहिला आहे. भावकीच्या रचनेची ही खरी उणीव आहे. एखाद्या घरात कुणी ऐकायचेच नाही असे ठरवले, तर बाकीचे भाऊ समजावू शकतात, यापलीकडे फारसे काही करू शकत नाहीत.

पण याच भावकीने एकत्र येऊन जे उभे केले तेही डोळ्यांसमोर ठेवा. कॅरितास इंडिया ही मदतसंस्था १९६२ पासून काम करते आहे. बेंगळुरूचे सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज सगळ्या बिशपांनी मिळून चालवलेले. एकट्या धर्मप्रांताला हे झेपले नसते. आणि आपण रविवारी मराठीत मिस्सा ऐकतो, त्यामागेही हीच बैठक आहे. भाषांतर करणारी माणसे आपल्या भागातली, मंजुरी बिशप परिषदेची, अखेरची पुष्टी रोमची. एकेका शब्दावर दोन-दोन तास वाद चाललेले मी ऐकले आहेत. वसईचे फादर एक शब्द सुचवायचे, मालवणकडचे म्हणायचे, हा आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात बसणार नाही.

आता तुमच्या बदलीकडे येतो. इथे एक गंमतीची बाब आहे, की राष्ट्रीय परिषदेचा बदलीशी एक धागा खरोखर जुळलेला आहे. चर्चचा मूळ कायदा म्हणतो की पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य हवे, म्हणून त्याची नेमणूक बेमुदत असावी. ठरावीक वर्षांसाठी नेमायचे असेल तर बिशप परिषदेने तशी मुभा दिलेली असायला हवी. म्हणजे मुदतीची चौकट परिषद उभी करते, पण त्या चौकटीत कुणाला कुठे आणि कधी हलवायचे ते तुमचे बिशप ठरवतात. आपल्याकडच्या बहुतेक नेमणुका मुदतीच्याच असतात. मुदत संपण्याआधी फादर जायला तयार नसतील, तर त्यांनी कारणे लेखी द्यायची, बिशपांनी त्यासाठी नेमलेल्या धर्मगुरूंपैकी दोघांशी त्यावर चर्चा करायची, आणि मगच अंतिम निर्णय, अशी पद्धत कायद्यात आहे. त्यामुळे पहिला प्रश्न हा, की तुमच्या फादरांनी बदलीला स्वतः होकार दिला का? मला वाटते दिला असेल. आम्ही बहुतेक जण देतो. मलाही एका गावातून पाच वर्षांनी हलवले, तेव्हा होडीवाल्यांचा जथा बिशपांच्या दारात गेला होता, आणि त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हते की आईच्या आजारपणामुळे ती बदली मीच मागितली होती. सगळे कारण नेहमी सांगता येत नाही.

फादरांचा होकार नव्हता असे धरले, तर दाद मागायचा मार्ग त्यांचा आहे, आणि तो दिल्लीला जात नाही. निर्णय हाती आल्यापासून दहा दिवसांच्या आत आधी बिशपांनाच लेखी विनंती करायची, की हा निर्णय मागे घ्या किंवा बदला. त्यांनी नकार दिला तर पंधरा दिवसांत रोमला दाद मागायची. धर्मगुरूंचा विषय पाहणारे खाते तिथे आहे. सहा महिन्यांनंतर आता ती वाट बंद झाली आहे, हे मी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवे.

तुमच्या हातात मात्र काहीच नाही असे समजू नका. आपल्या गरजा आणि आपले मत धर्मगुरूंपुढे मांडण्याचा हक्क चर्चच्या कायद्याने प्रत्येक भाविकाला दिलेला आहे, आणि जाणकार भाविकांच्या बाबतीत तर ते कर्तव्यही मानले आहे. तुम्ही ते ज्या दाराशी मांडले ते दार चुकीचे होते, एवढेच. तुमच्या पॅरिशमध्ये पॅरिश कौन्सिल आहे का? शेवटची बैठक कधी झाली? तिला फक्त सल्ला देण्याचा अधिकार आहे, निर्णयाचा नाही, हे ऐकून पुष्कळ जण नाक मुरडतात आणि बैठकीला जाणे सोडतात. मी कार्यालयात बसून जे पाहिले ते असे: ज्या कौन्सिलची वही नीट लिहिलेली असायची, जिचे ठराव वेळच्या वेळी यायचे, तिच्या पॅरिशमध्ये कुणाला पाठवायचे याचा विचार बिशप दोनदा करायचे. पॅरिशच्या हिशेबासाठी अर्थ समिती तर कायद्याने सक्तीची आहे. ती नसेल तर आधी तिची मागणी करा. धर्मप्रांतात धर्मगुरूंचे सल्लागार मंडळही असायलाच हवे. तुमच्या भागातले जे फादर त्यात असतील त्यांना भेटा. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सुरू केलेल्या सिनॉडच्या, म्हणजे भाविकांची मते विचारण्याच्या, प्रक्रियेत पॅरिशच्या बैठकांतली मते धर्मप्रांतात, तिथून परिषदेकडे आणि तिथून रोमला गेली. गावचा आवाज दिल्लीपर्यंत न्यायची रीत तीच आहे, खालून गोळा होत होत.

बिशपांना नव्याने पत्र लिहा. बदली रद्द करा असे आता लिहू नका. त्यात अभ्यासवर्गाबद्दल लिहा. किती मुले येत होती, कोणत्या इयत्तेची, कंदील-पंख्याचा खर्च कोण करत होते, आता वर्ग कोण चालवणार, नव्या फादरांकडून काय हवे. सह्यांच्या लांबलचक यादीपेक्षा कौन्सिलच्या ठरावाची प्रत जोडा, अध्यक्ष आणि चिटणीस यांच्या सहीची. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, धामधुमीत देऊ नका. प्रत स्वतःकडे ठेवा, कार्यालयातून पोच घ्या आणि भेटीची वेळ मागा. दोन-तीन जणच जा, त्यात एक आई असू द्या जिचे मूल त्या वर्गाला जात होते.

आणि नव्या फादरांचे नेमणुकीचे पत्र पहिल्या रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवतात तेव्हा नीट ऐका. त्यात मुदत लिहिलेली असेल तर ती तारीख त्याच दिवशी कौन्सिलच्या वहीत नोंदवून ठेवा.